तुम्हीही ऐकलंत ना?

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिला माझ्या पोटातलं सगळं ठाऊक असतं असं मी मिरवते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — असं लिहिणार होते. पण ते खरं नव्हे. अनोळखी माणसापुढे बोलणं सोपं असतं, आणि हे सोपं व्हावं असं मला वाटत नाही. तेव्हा तुम्ही ओळखीचेच आहात असं धरून चालते. समोर बसला आहात, चहा झालाय, आणि मी मघापासून भलत्याच विषयांवर बोलते आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. साध्या भाषेत, वेड्यांची डॉक्टर. राहते मुलुंडला, पण दवाखाना अंधेरीला, मरोळच्या एका गल्लीत. जुनी इमारत, पहिला मजला. खाली मेडिकलचं दुकान, त्याला लागून ज्यूसवाला, पलीकडे झेरॉक्स. दिवसभर मी दुसऱ्यांचे कबुलीजबाब ऐकते. माणसं म्हणतात, डॉक्टर, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं हां — आणि मी मान डोलावते. मान डोलवायला काय जातं? आज स्वतः सांगायला बसले तेव्हा कळतंय, जीभ केवढी जड होते ती.

कुठून सुरू करू? माझ्या सवयीपासून करते. ती आधी कळली नाही तर पुढचं नुसता एक वाईट दिवस वाटेल, आणि तसं ते नव्हतं.

माझ्याकडे साऱ्या देशातली माणसं येतात. साकीनाक्याच्या गाळ्यांतले बिहारी, बंगाली कारागीर. सोसायट्यांचे नेपाळी वॉचमन. विमानतळाजवळच्या हॉटेलांत आणि पार्लरांत काम करणारी, ईशान्येकडच्या डोंगरांतून आलेली मुलं-मुली. आणि मग आपली माणसं. 'आपली' म्हणजे नक्की कोण, हे मी कधी बसून ठरवलं नव्हतं. पण माझ्या हाताला ते ठाऊक होतं. आपलं माणूस आलं की मी विचारायचे — घरी कोण कोण असतं, झोप कशी लागते, सासूचं काय, मुलाच्या बारावीचं काय. औषध लिहायचे ते चिमूटभर, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा या म्हणायचे. दुसरं कुणी आलं की सोबत कोण आलंय ते आधी बघायचे. मुकादम, सुपरवायझर, शेठ, जो असेल तो. त्यालाच विचारायचे, काय त्रास आहे ह्याला? आणि इंजेक्शन. महिन्यातून एकदा घ्यायचं, दंडात किंवा कमरेत, की महिनाभर ते अंगात काम करत राहतं. मनात एक वाक्य तयारच असायचं : ही लोकं गोळ्या घेत नाहीत, मध्येच गावाला निघून जातात. कुणी खरंच गोळ्या टाकल्या होत्या का? विचारलं कुणी? आपल्या माणसांनी तर मला डोळ्यांदेखत गोळ्या सोडून दाखवल्या आहेत. एका कुलकर्णी आजोबांनी वर्षभर त्या तुळशीच्या कुंडीत पुरल्या. त्यांना मी कधी इंजेक्शन दिलं नाही. हसले फक्त.

आमच्या धंद्यात ही खोड जुनी आहे, आणि जगभर आहे. पुस्तकात छापलेली आहे. गोऱ्या डॉक्टरांनी काळ्या माणसांना आजारांची भारी भारी नावं कशी दिली, तीच लक्षणं असताना जास्त डोस आणि जास्त इंजेक्शनं कशी दिली, बोलून बरं करण्याची पाळी आली की त्यांना कसं वगळलं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता. मी झकास उत्तर लिहिलं. लिहिताना त्या गोऱ्या डॉक्टरांचा खरोखर राग आला होता मला. आपणही कुणाचे गोरे असू, हे कुठून सुचणार? गिरणीत राबलेल्या बापाची मुलगी मी. मी तर दुसऱ्या बाजूची होते ना!

आणखी एक सांगते, म्हणजे अज्ञानाची पळवाट मला राहणार नाही. आमचे सर शिकवायचे की पुस्तकातले डोस साहेबाच्या देशात, साहेबाच्या अंगावर ठरलेले असतात. सगळ्यांची शरीरं औषध सारखं पचवत नाहीत. पूर्वेकडच्या पुष्कळ माणसांना ही औषधं थोड्यातच चढतात, हात थरथरायला लागतात, अंग आखडतं. तेव्हा थोडक्यात सुरू करा आणि बघत राहा, असं ते सांगायचे. हे मला पाठ होतं. आपल्या माणसांच्या बाबतीत मी ते कटाक्षाने पाळायचे.

आता रिया.

ती मला पेशंट म्हणून भेटली नाही. ती माझ्या भुवया करायची. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत सुजाताचं पार्लर आहे. सुजाता रत्नागिरीकडची, माझ्याच वयाची, आमचं अगदी अरे-तुरेचं. थ्रेडिंगला मी तिच्याकडेच जायचे, आणि गेले की रियालाच मागायचे. दोऱ्याचं एक टोक दातांत, उरलेला बोटांत, आणि असा हलका हात की डोळ्यांत पाणी येऊ नये. इतरांकडे मी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. तिच्याकडे झोप यायची.

तिचं नाव रिया नव्हतं. गिऱ्हाइकांना जमत नाही म्हणून सुजातानं ठेवलेलं होतं ते. तिच्या आधी जी मुलगी होती तीही रियाच होती म्हणे. हिचं खरं नाव चोनमिला. मणिपूरच्या डोंगरांतली, बरीच वर्षं मुंबईत, आणखी तीन-चार मुलींबरोबर एका खोलीत राहायची. आम्ही तिला रिया म्हणायचो आणि ती ओ द्यायची.

एका दुपारी सुजाता तिला घेऊन दवाखान्यात आली. मी दोघींना आत घेतलं आणि — सवयीने — सुजाताकडे बघितलं. सुजाता म्हणाली, हिची आई गेली. तिकडचे रस्ते बंद, इकडे लग्नसराई, हिला जायला मिळालं नाही. तेव्हापासून काम करता करता मध्येच थांबते. रडत नाही, बोलत नाही. म्हणते, सकाळी आई हाक मारते. आणि रस्त्यावर लोक माझ्याबद्दल बोलतात, हसतात, असंही काहीतरी म्हणते. "तूच बघ बाई, मला तर काय कळेना," असं म्हणून सुजाता मोबाइल बघायला लागली.

मी काय केलं? रियाला हिंदीत विचारलं, आई की आवाज सुनाई देती है? ती हो म्हणाली. क्या बोलती है? नाव घेते, म्हणाली. माझं नाव. इथे माझं नाव कुणी घेत नाही. हे तिनं इतक्या सरळपणे सांगितलं होतं, पण मी पुढच्या प्रश्नाला गेले होते. लोग पीछे बोलते हैं? हो. क्या बोलते हैं? त्यावर ती गप्प. सुजातासमोर ते शब्द तिला उच्चारायचे नव्हते, हे आज कळतं. तेव्हा मी विचारलं, नशा वगैरह कुछ? तिनं आधी सुजाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवून नाही म्हणाली. मी लिहिलं : आवाज ऐकू येतात, संशय, चेहऱ्यावर भाव नाहीत.

चेहऱ्यावर भाव नाहीत. हे आमचं ठरलेलं वाक्य आहे. मोठ्या आजाराची खूण म्हणून ते लिहितात. भाव होते हो. मला वाचता येत नव्हते. अक्षर ओळखीचं नाही म्हणून पाटीच कोरी आहे म्हणावं, तसं मी केलं. मग आठवडाभर गोळ्या, आणि पाठोपाठ पहिलं इंजेक्शन. पूर्ण डोस. सरांचं वाक्य? आठवलं होतं. पण ती तरणीताठी आहे, पेलेल, असं वाटलं. असंच वाटलं, दुसरं काही कारण नाही.

आता ह्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवते. त्याच सुमारास बोरिवलीला आमचे काका वारले. दिवस झाल्यावर मी काकूकडे राहायला गेले होते. सकाळी चहा गाळता गाळता काकू म्हणाली, "पाटे पाटे हे खोकतत गो. माका साफ आयकाक येता." पहाटे काका खोकतात, तिला स्वच्छ ऐकू येतं. मी तिच्या हातातली गाळणी घेतली, तिला बसवलं, आणि म्हटलं, होतं काकू असं, तूही बोल त्यांच्याशी. काकू म्हणाली, शेजारच्या बायका हल्ली मला टाळतात, जिन्यात कुजबुजतात. मी म्हटलं, टाळतात गं लोक, विधवा बाईशी काय बोलावं कळत नाही त्यांना. किती शहाणी होते मी बोरिवलीला! गोळी नाही, इंजेक्शन नाही, संशय नाही. काकू पुढे आपोआप सावरली. आता भजनाला जाते.

आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण आपण सासवांवर आणि शेजारणींवर वापरतो. डॉक्टरवर ती बसेल असं मनात येत नाही. ह्या दोन गोष्टी — मेलेल्या आईची हाक आणि मेलेल्या नवऱ्याचा खोकला — माझ्या डोक्यात एकमेकींच्या शेजारी यायला मला फार उशीर झाला. पण उशीर झाला हीसुद्धा खरी कबुली नव्हे. तिथवर मी अजून आलेच नाही.

दुसऱ्या इंजेक्शननंतर रियाचे हात थरथरायला लागले. पाय एका जागी ठरेनात. बसल्या बसल्या ती टाचा आपटत राहायची. माझ्याकडे आली, हात टेबलावर पालथे ठेवले आणि विचारलं, इंजेक्शन से है ना, मॅडम? होतं. इंजेक्शनमुळेच होतं. डोस कमी करायचा, किंवा थांबवायचा, हे कुठल्याही शिकाऊ डॉक्टरनं सांगितलं असतं. पण सुजाता बाजूला उभी होती, आणि तिनं विचारलं, काय गं, उलटलं की काय औषध? तिनं सहज विचारलं असेल. मला मात्र ती साऱ्या गल्लीत सांगत सुटलेली दिसायला लागली. मी म्हटलं, छे, आजाराचंच आहे ते. थरथर कमी करणारी एक गोळी वाढवून दिली आणि ती ताकदीची आहे असं सांगितलं. डोस तोच ठेवला.

थरथरत्या बोटांनी दोरा धरता येत नाही. सुजातानं तिला आधी भुवयांवरून काढून मेहंदी भिजवायला दिली, मग टॉवेल धुवायला. एकदा मी थ्रेडिंगला गेले तर दुसरीच मुलगी पुढे आली. रिया कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे बघून हसली. मी खुर्चीत मान मागे टाकली आणि डोळे मिटून घेतले.

तुम्ही म्हणाल, हेच सांगायचं होतं का? चुकीचं औषध, जास्त डोस, वर एक खोटं. वाईट आहे, पण डॉक्टरांकडून होतं असं. मीही बरीच वर्षं स्वतःला तेवढंच सांगितलं. माणूस मोठा गुन्हा लपवायला धाकटा गुन्हा कबूल करतो, हे मी रोज पेशंटमध्ये बघते. तर आता सांगते.

एका संध्याकाळी रिया एकटीच येऊन इंजेक्शन घेऊन गेली. सुजाताला लग्नाची ऑर्डर होती. ती खाली उतरली आणि तिच्या पाठोपाठ मीही उतरले, मला घाटकोपरला जायचं होतं. दिवस मावळत होता. रिया जिन्याच्या तोंडाशी रिक्षा बघत उभी होती, मी तिच्या मागे दोन पायऱ्या वर. खालचा मेडिकलवाला ज्यूसच्या काउंटरला टेकून दोन-तीन जणांशी गप्पा मारत होता. मला त्यानं पाहिलं नव्हतं. रियाला पाहिलं. आणि मराठीत, अगदी रोजच्या आवाजात, पाऊस आला का विचारावं तसं म्हणाला, "काय मोमो, आज कुणाकडे ड्यूटी?"

दुसरा एकजण म्हणाला, लांब राहा रे, करोना होईल. सगळे हसले. फार मोठ्यानं नाही. रोजचा कार्यक्रम असल्यासारखं.

रियानं मान वळवली तेव्हा तिला मी दिसले. मी इथे थोडं थांबते.

तिच्या नजरेत मदत मागणं नव्हतं. मी त्यांना काही बोलावं, असंही तिला वाटत नसावं. इतक्या वर्षांत ती अपेक्षा तिची कधीच संपली असेल. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. दुसऱ्या कुणाच्या तरी कानावर पडलं एकदाचं. तेही डॉक्टरच्या! जो चेहरा मी कोरा म्हणून लिहिला होता तो त्या दिवशी मला स्वच्छ वाचता आला.

मग मेडिकलवाल्याला मी दिसले. तो सरळ झाला. नमस्ते मॅडम, रिक्षा थांबवू? माझ्या पेशंटांना घरपोच औषधं पाठवणारा माणूस. माझ्या पाटीला उजेड मिळावा म्हणून आपल्या दुकानाचा दिवा थोडा वळवून देणारा. मी म्हटलं, हो, थांबवा. त्यानं थांबवली. मी बसले. रिक्षा वळली तेव्हा रिया तिथेच उभी होती. तिला रिक्षा मिळाली की नाही मला माहीत नाही.

घाटकोपरपर्यंत मी काय विचार केला असेल? हिचा संशय नव्हता, खरंच होतं, आता औषध थांबवायला हवं — असा? तो आला, खोटं कशाला सांगू. आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला की थांबवायचं तर कारण सांगावं लागेल. सुजाताला, रियाला. मग हातांचं विचारतील. मग त्या ताकदीच्या गोळीचं विचारतील. मग खालच्या माणसाला काहीतरी बोलावं लागेल, आणि त्याच्याशी माझं रोजचं काम. रिक्षातून उतरेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की लोकांनी चिडवलं म्हणून आजार नसतो असं थोडंच आहे. ऐकायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं.

पुढच्या वेळी ती आली तेव्हाही एकटी होती. नेहमीपेक्षा नीटनेटकी, केस बांधलेले. बसली आणि लगेच विचारलं. तयारी करून आली होती.

"मॅडम, उस दिन नीचे — आपने भी सुना ना?"

दार बंद होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तिचे हात मांडीवर थरथरत होते आणि ती थेट माझ्याकडे बघत होती. एक 'हो' म्हणायचं होतं. पुढचं काही सांभाळता आलं असतं, नसतं, पण त्या मुलीला कळलं असतं की तिचे कान तिचेच आहेत आणि शाबूत आहेत. आमच्या सगळ्या विद्येचं काम शेवटी तेवढंच असतं — खरं काय आणि मनाचं काय, हे माणसाला वेगळं करून दाखवायचं. त्यासाठीच लोक माझा जिना चढतात.

मी म्हटलं, "नहीं रिया. मैंने कुछ नहीं सुना. यही तो बीमारी है."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर वळवली नाही. नजर न वळवता खोटं बोलता यावं इतका सराव ह्या धंद्यात होतो. मग तिनं 'अच्छा' म्हटलं. चिडून नाही. हरवलेली वस्तू सापडणार नाही असं कळल्यावर आपण म्हणतो तसं. आणि मी सांगायच्या आधी तिनं स्वतःच कुडत्याची बाही वर केली, इंजेक्शनसाठी.

त्यानंतर ती सुधारली. हो, तसंच लिहिलंय मी. लोक बोलतात ही तक्रार गेली. विचारलं तर म्हणायची, नहीं मॅडम, कोई कुछ नहीं बोलता. आईची हाक? तीही गेली म्हणाली. सुजातानं माझं कौतुक केलं, तुझ्या हाताला गुण आहे गं. खाली मेडिकलवाला होता, ज्यूसवाला होता, त्यांचं हसणं होतं. रोज होतं. रिया त्यांच्यासमोरून जायची आणि मान वळवायची नाही. बदललं होतं ते एवढंच.

पार्लरला घड्या घालायला किती दिवस माणूस ठेवणार? सुजातानं वाईटपणा न घेता तिला सांगितलं, थोडे दिवस घरी जाऊन ये, बरी झालीस की बघू. मावसभाऊ येऊन घेऊन गेला. निघताना ती दवाखान्यात आली होती, मला थँक्यू म्हणायला. मी तिला पुढच्या इंजेक्शनची तारीख सांगितली.

मग एक दिवस फोन आला. तिची थोरली बहीण बोलत होती. तिकडे शाळेत शिकवते. हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. आवाज शांत. तक्रार करायला केला नव्हता फोन, सल्ला विचारायला केला होता. म्हणाली, चोनमिला घरात कामं करते, जेवते, झोपते. फक्त हाक मारली की बघत नाही. अंगणातून बोलावलं, स्वयंपाकघरातून बोलावलं, नाव घेऊन बोलावलं, तरी तशीच बसून राहते. जवळ जाऊन खांद्याला हात लावला की मग वळते, आणि विचारते, "सच में बुलाया क्या?" बहीण म्हणाली, कान तपासून आणले, कान चांगले आहेत.

 मग म्हणाली, एक विचारायचं होतं, डॉक्टर. तिकडे मुंबईत लोक तिला खरंच काही बोलायचे का? घरी आली तेव्हा तिनं एकदाच सांगितलं होतं, मग म्हणाली, नाही, ते माझ्या डोक्यात होतं, डॉक्टर मॅडमनी सांगितलं. तर आम्हाला फक्त जाणून घ्यायचं होतं. खरंच काही होतं का?

ह्या वेळी सुजाता नव्हती. मेडिकलवाला नव्हता. रियाही नव्हती. हजारो मैलांवरची एक बाई होती, जी माझं काहीच वाकडं करू शकत नव्हती. पहिल्यांदा घाबरून बोलले असं कदाचित म्हणता आलं असतं. दुसऱ्यांदा घाबरण्यासारखं काय होतं?

मी म्हटलं, नाही, तसं काही नव्हतं. आजार होता.

बहिणीनं माझे आभार मानले. खरंच मानले. मग फोन ठेवला.

पुढे मी काय केलं, काय बदललं, आता कसा वेळ देते, कुणाला देते, डोस कसे लिहिते — ते इथे लिहीत नाही. ते लिहिलं की सांगता सांगता माझंच पारडं वर यायला लागतं. दवाखाना तिथेच आहे. मेडिकलवाला अजून नमस्ते करतो आणि मी अजून नमस्ते म्हणते. सुजाताकडे जाणं मी सोडलं. का सोडलं ते तिला सांगितलं नाही. तिच्याकडे आता नवी रिया आहे, असं कळलं. बहिणीचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर बाहेर पेशंट ताटकळले होते. मी पाणी प्यायले, घंटी वाजवली. चारकोपच्या एक बाई आत आल्या, आपल्यातल्याच. नवरा वारल्यापासून घरात कुणीतरी वावरल्यासारखं वाटतं, म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. मी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, खुर्ची जवळ ओढली, आणि म्हटलं, रडा, घाई नाही, सावकाश सांगा, मी ऐकते आहे.